रिकामी पाठ

धुळाजीच्या डाव्या पायातली चप्पल कधी गळून पडली ते त्याला कळलंच नाही. जुन्या जालन्यातल्या गल्ल्यांमधून तो नदीकडे चालला होता. खांद्यावर घडी घातलेलं रिकामं पोतं, हातात लगाम, खिशात मूठभर जोंधळा. कापडदुकानांच्या रांगेपाशी मागून एका बाईचा आवाज आला, “ओ लगामवाले, तुमची चप्पल पडली ना तिकडं, गिरणीपाशी.” त्याने खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. एप्रिल अर्ध्यावर आलेला, दहा वाजायच्या आतच डांबर मऊ पडलेलं, आणि त्या डांबरावर तो पाय खुशाल टेकलेला होता. टाचेला काळं डांबर चिकटलं होतं, अंगठ्याखालची कातडी पांढरी होऊन फुगायला लागली होती. गिरणीपासून इथवर दोन गल्ल्या होत्या. एसटीत शेजारच्याचा पाय आपल्या पायावर पडला की आपण जसं त्याच्याकडे बघतो तसं त्याने त्या पायाकडे पाहिलं. दुखत काहीच नव्हतं. औरंगाबादच्या डॉक्टरने सांगितलं होतं, कंबरेतली शीर दबलीय. पाय चालेल, पण काही कळवणार नाही. ते ऐकून वर्ष उलटून गेलं होतं आणि पाय शब्दाला पक्का निघाला होता.

तो परत मागे गेला. चप्पल रस्त्याच्या मध्यावर पडली होती, तिच्यावरून एखादी रिक्षा गेलेली दिसत होती. एरवी तो डाव्या पायाची चप्पल घोट्याला सुतळीने बांधून निघायचा. आज विसरला. त्याने पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडली, गिरणीच्या पायरीवर टेकून चप्पल बांधली आणि पुन्हा निघाला. फोडाचं त्याला काही वाटलं नाही. दोन गल्ल्या आपण चालत आलो आणि आतून कुणीच हाक मारली नाही, एवढंच त्याच्या मनात राहिलं. रस्त्यावरच्या अनोळखी बाईला कळतं, आणि आपल्याला नाही. तिचं तोंडही त्याने नीट पाहिलं नव्हतं. पोतं आज कशाला घेतलं, हे त्याला अर्ध्या वाटेत सुचलं. आज पोत्याचं काम नव्हतं. महिनाभराच्या सवयीने हाताने ते खुंटीवरून उचललं होतं. हाताचं असंच असतं, त्याला सांगितलं तेवढं तो करतो आणि थांब म्हटलेलं ऐकत नाही.

पाखरी नदीकाठी अप्पारावच्या पत्र्याच्या शेडात होती. चार वर्षांची कुमैत, तांबूस अंगाची घोडी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. अप्पारावने चाळीस वर्षं स्टेशन ते जुना जालना टांगा हाकला. मागच्या साली त्याचा घोडा म्हातारपणाने गेला आणि त्याच्या पाठोपाठ अप्पारावचे डोळे दुधाळले. टांगा उभा राहिला. कापडाचे गठ्ठे स्टेशनवरून आणायला दुकानदारांना अजून टांगा लागत होता, कारण त्या बोळांमध्ये टेम्पो शिरत नाही. अप्पाराव धुळाजीला म्हणाला होता, “घोडी जुपून दाखव, टांगा तुजा. आखितीपर्यंत वाट बघतो. न्हाई जमलं तं शेड बी जातंय आन् टांगा बी.” आणि तिकडे भोकरदनच्या बाजूला धुळाजीचा थोरला भाऊ म्हस्कू मेंढरांमागे फिरत होता, त्याचाही निरोप आला होता. औरंगाबादच्या एका लग्नाच्या बँडवाल्याला नवरदेवासाठी घोडी हवी आहे, आखितीला मी येऊन पाखरीला घेऊन जातो. म्हस्कूचं चुकत नव्हतं. ज्याला मांड घालता येत नाही त्याने बसायची घोडी कशासाठी पोसायची? पाखरी टांग्याला लागली तर धुळाजीची, नाही लागली तर बँडवाल्याची. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, पाच दिवसांवर होती.

मांड घालायला दोन पाय लागतात. धुळाजीने अपघातानंतर एकदा बसून बघितलं होतं. उजव्या मांडीला घोडीचं अंग लागत होतं, तिचा श्वास, उन्हाने तापलेले केस. डाव्या बाजूला काही नव्हतं. अर्धी घोडी असल्यासारखं वाटलं आणि त्याला भोवळच आली. पाखरीलाही ते समजलं असावं. डाव्या टाचेचा दाब मिळेना म्हणून ती उजवीकडे गोल फिरत राहिली, फिरत राहिली, शेवटी म्हस्कूने तिला धरली आणि त्याला पोरासारखा उचलून खाली घेतला. वाईट वाटलं का, असं आसराबाईने विचारलं तर तो म्हणाला, “कायबी वाटलं न्हाई.” आणि ते खरं होतं. बायकोला वाटलं, नवरा मन घट्ट करून राहिलाय. मन घट्ट नव्हतं. पायातलं जे गेलं ते हळूहळू वर चढतंय की काय, अशी शंका त्याला तेव्हा पहिल्यांदा आली. पुढे म्हस्कूकडे मेंढरं सोपवून दोघं जालन्यात आली, आसराबाई बियाणं निवडायच्या कामाला लागली, एक खोली मिळाली, दिवस गेले. त्यातलं काहीच त्याला जड गेलं नाही. हलकंही गेलं नाही.

पाखरीला शिकवली त्यानेच. धनगराच्या घोडीला एक गोष्ट सगळ्यात आधी शिकवतात. वाटेने बिऱ्हाड तिच्या पाठीवर असतं. वाकळा, भांडी, खुराड्यातल्या कोंबड्या, कधी तान्हं लेकरू. मुक्कामाला पोचलं की बायका ओझं उतरवतात, गडी मेंढरांच्या मागे असतात, घोडीला बांधायला ना खुंटा ना माणूस. म्हणून पाठ रिकामी झाली की जागच्या जागी उभं राहायचं. कुणी बोलवेपर्यंत हलायचं नाही. हे मारून शिकवता येत नाही. खाली उतरायचं, दोन पावलं लांब जायचं, ती हलली तर परत त्याच जागी आणून उभी करायची, उभी राहिली तर मूठभर जोंधळा. मग दहा पावलं, मग नजरेआड. बाप सांगायचा, पाठ रिकामी झाल्यावर चालती होणारी घोडी ठेवणाऱ्या धनगराच्या घरी पोरगी देऊ नये. पाखरी आठ दिवसांत शिकली. धुळाजी ओढ्यात अंघोळ करून, कपडे वाळवून, झाडाखाली डुलकी काढून यायचा, तर ती सोडली तिथेच उभी. शेपटीने माशा वारायची, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायची, पण जागा सोडायची नाही. तिला बघून त्याला हसू यायचं. हसू यायचं हे त्याला आठवत होतं, कसं यायचं ते आठवत नव्हतं.

त्या शिकवणीनेच तो वाचला होता. अंकुशनगरच्या बाजूला एका शेतात मेंढरं बसवली होती, तिकडे तो पहाटे निघालेला. साखर कारखाना चालू, रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर. एका ट्रॉलीवरून मोळी घसरून पाखरीच्या तोंडापुढे आदळली, ती बुजून दोन पायांवर झाली आणि धुळाजी रस्त्याच्या मोरीच्या दगडावर कंबरेत आपटून खाली चरात गेला. ट्रॅक्टर निघून गेला. चर खोल होता, रस्त्यावरून आतलं दिसत नव्हतं. तो कुशीवर पडला होता, तोंड रस्त्याकडे, आणि त्याला वर पाखरीचे चार पाय दिसत होते, पोटाखालचा तंगाचा पट्टा, लोंबणारा लगाम, मागे आभाळ. ओरडायला छातीत दम नव्हता. ट्रॉल्या जात होत्या, एसटी गेली, हॉर्न वाजले, पाखरी थरथरायची पण हलायची नाही. ऊन वर आलं. धुळाजीने तेव्हा काहीच विचार केला नव्हता, तो नुसता त्या चार पायांकडे बघत राहिला होता. ते आहेत तोवर आपण आहोत, एवढंच. शेवटी ऊसतोडीच्या बाया चालल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, “खोगीर घातलेली घोडी मालकाबिगर का उभी राह्यली गं?” आणि तिने चरात वाकून पाहिलं.

टांग्याला जुपायची घोडी आधी रिकामी हाकून बघतात. डोळ्यांना झापडं, लांब लगाम, माणूस मागून चालणार. मग मागे जुनं टायर बांधायचं, ओढायची सवय लागू द्यायची, मग दांड्यांमध्ये घ्यायची. अप्पारावने आयुष्यात सात घोडे असे काढले होते, कुणाला पंधरा दिवस, कुणाला महिना. पाखरी पहिल्याच पायरीला अडली. झापडं बांधली, धुळाजी मागे गेला, “चल” म्हणाला, ती उभी. चाबूक हवेत वाजवला, ती उभी. अप्पाराव पुढून ओढायला लागला तर चार पाय रोवून उभी. “अडेल हाय,” तो म्हणाला. धुळाजीला खरं कारण पहिल्या क्षणीच कळलं होतं, पण तोंडातून निघेना. तिसऱ्या दिवशी अप्पाराव चिडून, दिसत नसताना, तिच्या उघड्या पाठीवर चढून बसला आणि पाखरी अशी निघाली की नदीपात्रात धूळ उडाली. तो उतरला, ती थांबली. पुन्हा बसला, निघाली. “आरं, ह्ये काय नखरा?” म्हातारा म्हणाला. मग धुळाजीने सांगितलं. अप्पारावने तिची उघडी पाठ चाचपली आणि म्हणाला, “हे मोडावं लागंल. टांग्याच्या घोडीची पाठ जलमभर रिकामीच राहती.”

मोडायची युक्ती धुळाजीचीच. मोंढ्यातल्या एका अडत्याच्या काट्यावर तो स्वतः उभा राहिला. साठ किलो भरला. नदीतली वाळू पोत्यात भरली, अडत्याकडे नेऊन तिचंही वजन बरोबर साठ केलं. पोतं मधोमध बांधून पाखरीच्या खोगिरावर आडवं टाकलं, दोन्हीकडे सारखं लोंबेल असं, दोन मांड्या लोंबतात तसं. झापडं बांधलेल्या पाखरीने मान हलवली, पाठ किंचित खाली घेतली, आणि तो मागून “चल” म्हणाला तर चालायला लागली. टायर ओढलं. दुसऱ्या आठवड्यात दांड्यांमध्ये उभी राहिली, रिकामा टांगा ओढला. तिला धुळाजी पाठीवर हवा होता आणि तो पाठीवर होता. संध्याकाळी वाळू शेडात ओतून रिकामं पोतं तो घरी न्यायचा, आणि रोज सकाळी ते परत भरताना एक तांब्या वाळू नदीत टाकायचा. दोन किलोचा फरक घोडीला कळत नाही. आधी मागून चालत, मग टांग्यात बसून तो महिनाभर त्या पोत्याच्या पाठीकडे बघत होता. पोतं बरं बसत होतं, डावीकडेही आणि उजवीकडेही. एकेक तांब्या करत धुळाजी तिच्या पाठीवरून उतरत होता आणि तिला पत्ता लागू देत नव्हता. फेरी पुरी झाली की त्याच तळहातावर तोच जोंधळा.

आसराबाईला त्याने पोत्याचं सांगितलं तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. तिने हात थांबवला नाही. “शिकंल ती,” ती म्हणाली. “तुमची घोडी हाय, शिकंलच.”

“मंग तोंड का पाडून राह्यली?”

“तुमी चरात पडल्ते तवा ही घोडी उभी राह्यली म्हनून कळलं. उद्या पडलात तं कोन सांगंल?”

“आता कुठं पडायचंय. टांग्यात बसायचंय.”

“बसनारा बी पडतोच,” ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की चुलीचा धूर, हे त्याने बघितलं नाही. बघून काय करायचं ते ठाऊक नसलं की माणूस बघत नाही. रात्री तिने नेहमीसारखे त्याचे दोन्ही पाय चेपले. डावा पाय चेपताना ती दरवेळी विचारायची, “कळतंय का?” आणि तो म्हणायचा, “थोडं थोडं.” काही कळत नव्हतं.

शेडापाशी पोचला तेव्हा अप्पारावने घोडीला दांड्यांमध्ये घेऊनही ठेवलं होतं. चार दिवसांपूर्वी पोत्यातली वाळू संपली, मग तीन दिवस नुसतं खोगीर ठेवलं, आज खोगीरही नाही. पाठीवर फक्त दांड्या तोलायचा अरुंद पट्टा. ती उघडी पाठ धुळाजीला विचित्र दिसली, दाढीमिश्या काढलेल्या ओळखीच्या माणसासारखी. त्याने पोतं शेडाच्या दारात टाकलं, हातातला लगाम तिला चढवला, झापडं सारखी केली. तिने सवयीने त्याच्या खिशाला नाक लावलं. “मागून देतो,” तो म्हणाला.

दोघं टांग्यात बसले. अप्पारावने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि पाखरी निघाली. कुठे अडकली नाही, मागे मान वळवली नाही. कुंडलिका नदीच्या कोरड्या पात्रातून पुलापर्यंत आणि पुलापासून परत. चाकं वाळूत कुरकुरत होती. पुलावरून माणसं नेहमीसारखी ये-जा करत होती. म्हातारा खुशीत आला, “बराबर पाय टाकती गं माजी बाय,” असं काहीबाही बोलत राहिला, मग पुलाजवळच्या लिंबाखाली उतरला. “जा, एक चक्कर एकट्यानं मार. तिला एका मानसाच्या हाताची सवय होऊ दे.”

धुळाजी एकटा निघाला. वळणापलीकडे पूल दिसेनासा झाला, तिथून त्याने टांगा पुलाच्या दिशेने परत फिरवला. पात्र तिथे रुंद आहे, सपाट आहे, कुणी नसतं. पाखरी एका लयीत चालत होती. पाठीवर ऊन पडून तिचे केस तांब्यासारखे चमकत होते. घोडी टांग्याला लागली. आखितीला म्हस्कू येईल तेव्हा त्याला टांग्यातच बसवून स्टेशनपर्यंत नेऊन दाखवता येईल. हे सगळं चांगलं होतं, आणि चांगलं आहे असं तो स्वतःला सांगत होता, जसं आसराबाईला ‘थोडं थोडं’ असं सांगायचा. मग त्याला सकाळची ती बाई आठवली. ओ लगामवाले. त्याने लगाम बैठकीच्या कडीला अडकवला, मागच्या बाजूला सरकला, आणि काही न बोलता उतरला. उजवा पाय आधी टेकला. डाव्याने धरलं नाही. तो कुशीवर वाळूत पडला.

टांगा हलका झाला हे तिला कळलं. तिचा उजवा कान मागे वळला. तेवढा वळला, आणि पुन्हा पुढे झाला, आणि पाखरी चालत राहिली. थांबायचं “हो” म्हटलं असतं तर थांबली असती. त्याने म्हटलं नाही. तो पडल्या जागेवरून बघत होता. चार पाय दिसत होते, त्यांच्या दोन्ही बाजूंना फिरणारी चाकं, आणि ते सगळं लहान लहान होत वळणावरून गेलं. चाकांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

बऱ्याच वेळाने तो उठला. वाळूवर चाकांच्या दोन रेघा होत्या आणि मधोमध टापा. तो त्या वाचत चालला. मेंढरांमागे जन्म गेलेला माणूस, जनावर कुठे दचकलं, कुठे रेंगाळलं, कुठे उभं राहिलं, हे त्याला जमिनीवरून कळतं. उभं राहिलेल्या घोड्याच्या टापा जवळजवळ आणि खोल पडतात. तो तशी एक जागा शोधत होता. निदान एखादं पाऊल आखूड पडलेलं. वळणापर्यंत त्याने बघितलं, वळणानंतर बघितलं. पाऊल सगळं सारखं होतं. इतकं सुरेख काम त्याने आजवर केलं नव्हतं.

लिंबाखाली अप्पारावने पाखरीला धरून ठेवलं होतं. “टांगा रिकामा आन् घोडी बराबर चालून आली,” तो म्हणाला. “बिलकुल पक्की झाली. तू कुठं पडलास?”

“पडलो न्हाई. उतरलो.”

“चालत्या टांग्यातून?”

“बघायचं होतं.”

अप्पारावने आपले दुधाळ डोळे त्याच्या तोंडाकडे लावले. मग हळू आवाजात म्हणाला, “मंग बघितलंस ना. आता जोंधळा दे तिला. जल्दी दे. न्हाई तं तिला वाटंल, आपलं चुकलं.”

धुळाजीने खिशात हात घातला. वाळू आणि जोंधळा एकत्र झाले होते. त्याने वाळू फुंकून टाकली आणि तळहात पुढे केला. पाखरीने तोंड खाली घेतलं. तिचे ओठ, ओठांवरचे राठ केस, गरम श्वास, सगळं त्याच्या तळहाताला लागलं. हाताला काही झालेलं नव्हतं, हाताला सगळं कळत होतं. तिने बरोबर केलं होतं, आणि तो तिला त्याचंच देत होता. त्याला वाईट वाटलं. आपल्याला वाईट वाटतंय हे त्याला कितीतरी महिन्यांनी स्वतःच कळलं, कुणी सांगावं लागलं नाही. तिने शेवटचा दाणा उचलला तरी त्याने हात मागे घेतला नाही.

“चप्पल कुठं तुजी?” अप्पाराव म्हणाला. “एकच वाजून राह्यली.”

त्याने खाली पाहिलं. सुतळी सुटून गेली होती. फोड फुटला होता आणि त्यात वाळू भरली होती.

“आसंल मागं कुठं तरी.”

“बस टांग्यात, घेऊन येऊ.”

“नको. तिला सावलीत राहू द्या.”

चाकांच्या दोन रेघांमधून तो परत निघाला. घरी गेल्यावर आसराबाई पाय चेपताना विचारणार होती. आज तिला खरं सांगायचं, त्याने ठरवलं. उन्हात वाळू डोळ्यांवर येत होती. चप्पल अजून दिसत नव्हती, आणि उजवा पाय सगळं कळवत असूनही दर चार पावलांनी तो थांबून खाली बघत होता, दुसरी तरी पायात आहे ना.